झिजलेला लोअर आर्म घरी बदलताना

पावसाळ्याच्या चार महिन्यांत महाराष्ट्रातील रस्त्यांची जी दुर्दशा होते, तिचा हिशेब आश्विन-कार्तिकात मोटारींच्या पुढच्या चाकांपाशी चुकता करावा लागतो. गतिरोधकावरून उतरताना समोरून ‘टक्’ असा दबका आवाज येऊ लागतो, ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढ घेते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सावरून धरावे लागते. मग मालक गॅरेजची वाट धरतो, मिस्त्री गाडीखाली डोकावून ‘साहेब, लोअर आर्म गेलेत’ एवढाच निकाल देतो, आणि मालक तो निमूटपणे मान्य करून खिशात हात घालतो. लोअर आर्म म्हणजे काय, तो ‘जातो’ म्हणजे त्याचे नेमके काय होते, आणि नवा बसवताना कोणती गोष्ट सांभाळली असता तो वर्षानुवर्षे टिकतो व कोणती न सांभाळल्यास थोडक्या महिन्यांत पुन्हा वाजू लागतो, हे जाणून घेण्याची मालकाला सवड नसते आणि ते समजावून सांगण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. वास्तविक हा भाग समजण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाही. आणि ज्याच्यापाशी सपाट जागा, योग्य हत्यारे, एक मोकळा दिवस व घाई न करण्याचा स्वभाव आहे, त्याला आजच्या बहुतेक लहान मोटारींचा हा भाग आपल्या अंगणात, आपल्या हाताने बदलता येतो. तो कसा बदलावा आणि कोणत्या मर्यादेत बदलावा, हे येथे तपशिलाने सांगावयाचे आहे.

चाकाने गरगर फिरावे, चालकाच्या इच्छेनुसार डावीउजवीकडे वळावे, खड्डा आला असता खाली जावे व उंचवटा आला असता वर यावे, पण हे सारे करीत असताना आपल्या नेमल्या जागेपासून पुढेमागे वा आतबाहेर यत्किंचितही सरकू नये, अशा परस्परविरोधी भासणाऱ्या अटी पुढच्या चाकावर घातलेल्या असतात. आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम ज्या भागांकडे सोपविलेले असते, त्यांत लोअर आर्मचा मान पहिला आहे. दाबून आकार दिलेल्या जाड पोलादी पत्र्याचा, इंग्रजी एल अक्षरासारखा वळलेला हा भाग चाकाच्या आतल्या अंगाला, जमिनीशी जवळजवळ समांतर बसविलेला असतो. त्याचे बाहेरचे टोक ‘नकल’ नावाच्या ओतीव भागाला, म्हणजे ज्यावर चाकाचे हब आणि ब्रेक उभे असतात त्याला, बॉल जॉइंटने जोडलेले असते. आतली दोन टोके गाडीच्या सांगाड्याला रबरी बुशांच्या आधाराने, बोल्टने आवळलेली असतात. गाडी वळणावर असताना चाकाला आतबाहेर ढकलणारा आणि ब्रेक लावताना मागे रेटणारा जो प्रचंड जोर निर्माण होतो, तो सगळा या तीन सांध्यांतून सांगाड्यापर्यंत पोहोचतो.

एकट्या खालच्या आर्मवर एवढा भार टाकण्याची ही पद्धत तशी फार जुनी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी आणि मुंबईच्या टॅक्सीचे रूप घेऊन कित्येक दशके सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिलेली प्रीमियर पद्मिनी घेतली, तर तिला पुढे वर एक व खाली एक असे दुहेरी आर्म असत. अर्ल मॅक्फर्सन नावाचा अमेरिकन अभियंता दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये ‘कॅडेट’ या लहान मोटारीचा आराखडा करीत होता. स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि चाकाला वरून आधार देणारा भाग हे तिन्ही एकाच उभ्या खांबात सामावून घ्यावेत व वरचा आर्म काढूनच टाकावा, अशी कल्पना त्याने मांडली. ती मोटार १९४७ साली रद्द झाली, मॅक्फर्सन फोर्डमध्ये गेला, आणि १९५० साली इंग्लंडमध्ये मांडल्या गेलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या मोटारींतून त्याची रचना लोकांच्या वापरात आली. कमी भाग, कमी खर्च आणि इंजिनासाठी अधिक जागा हे तिचे गुण लहान मोटारींना इतके मानवले, की १९८३ च्या डिसेंबरात गुरगावहून पहिली मारुती ८०० निघाली तेव्हा तिच्या पुढच्या चाकांपाशीही हाच खांब उभा होता. आपल्या मिस्त्रींच्या भाषेत ज्याला सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात तो हाच. आणि वरचा आर्म नाहीसा झाल्यामुळे खालच्यावर जी जबाबदारी आली, तीच त्याच्या झिजेचे मूळ आहे.

घरी काम करणाराने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट याच इतिहासात दडलेली आहे. मॅक्फर्सन रचनेत गाडीचे वजन शॉकअपच्या माथ्यातून वर तोलले जाते आणि दाबलेली स्प्रिंग शॉकअपच्याच दोन बैठकींमध्ये बंदिस्त असते. लोअर आर्म सोडवला तरी ती उसळून बाहेर येत नाही. पण ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर टेकलेली असते, किंवा स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब आर्मला जोडलेली असते, त्या गाड्यांत तोच बोल्ट सोडणे म्हणजे दाबून ठेवलेली शक्ती एकाएकी मोकळी करणे होय, आणि त्यात हात मोडण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही घडू शकते. म्हणून आपल्या गाडीची रचना कोणती, याची गाडीखाली वाकून खातरजमा केल्यावाचून एकाही नटाला पाना लावू नये. येथून पुढे जे सांगितले आहे ते केवळ मॅक्फर्सन रचनेच्या लहान मोटारींना लागू आहे.

आता झीज म्हणजे काय ते पाहू. बॉल जॉइंटमध्ये एक घासूनपुसून गुळगुळीत केलेला पोलादी गोळा घट्ट वाटीत बसविलेला असतो, त्यात वंगण भरलेले असते आणि वरून रबरी टोपी चढविलेली असते. ही टोपी शाबूत आहे तोवर जॉइंटला फारसे भय नसते. ती एकदा फाटली, की पावसाळ्यातला चिखल आत शिरतो, वंगण धुऊन जाते, बारीक रेती गोळा आणि वाटी दोघांनाही खात सुटते. बुशाची कहाणी निराळी आहे. दाराच्या बिजागरीत एक लोखंड दुसऱ्या लोखंडावर घासत फिरते. बुशात मात्र काहीच घासत नाही. आत एक पोलादी नळी, बाहेर दुसरी, आणि दोहोंमध्ये दोन्हींना कायमचे चिकटविलेले रबर, अशी त्याची घडण असते. बोल्ट आवळला की आतली नळी सांगाड्याला जखडली जाते, बाहेरची आर्मसोबत हलते, आणि चाक वरखाली होताना मधले रबर तेवढ्यापुरते पिळले जाऊन पुन्हा पूर्ववत होते. दोन बुशांपैकी पुढचा बहुधा कणखर असतो, तर मागचा मोठा व मऊ ठेवलेला असतो, कारण खड्ड्याचा आघात किंचित मागे सरून पचविण्याचे काम त्याच्याकडे असते. म्हणूनच बहुतेक वेळा आधी फाटतो तोही मागचाच. तो फाटला, की ब्रेक लावताच आर्म मागे सरकतो, चाकाची दिशा क्षणभर बदलते, आणि गाडी एका अंगाला ओढ घेते.

केवळ आवाजावरून मात्र निदान करू नये, कारण स्टॅबिलायझर बारची लिंक झिजली, शॉकअपच्या माथ्याचे रबर बसले किंवा टाय रॉडचे टोक ढिले झाले, तरी आवाज जवळपास तसाच येतो; आणि आवाज ऐकून आर्म बदलणाऱ्याला खर्च केल्यावरही तोच आवाज पुन्हा ऐकावा लागतो. चाक जमिनीपासून उचलून, गाडी स्टँडवर ठेवून, चाकाला वर व खाली अशा दोन ठिकाणी धरून आतबाहेर हलवून पाहावे. खटका जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे : त्याने खटका नाहीसा झाला तर दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, राहिला तर बॉल जॉइंटवर संशय घ्यावा. चाक डावीउजवीकडे धरून हलविल्यावर खटका आला तर टाय रॉड तपासावा. नंतर विजेरी घेऊन मागच्या बुशाकडे निरखून पाहावे. रबराच्या पृष्ठावर केसाएवढ्या रेषा असल्या तर ते वयाचे चिन्ह समजून नुसते लक्ष ठेवावे. पण रबर आणि नळी यांच्यामध्ये चंद्रकोरीसारखी फट पडलेली असेल, आणि टॉमी लावून आर्म हलके रेटताच ती फट उघडझाप करीत असेल, तर निकाल लागला असे खुशाल समजावे. टायर आतल्या कडेला अधिक झिजलेला असेल तर तो आणखी एक साक्षीदार.

पूर्ण आर्म घ्यावा की नुसता बुश, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बुश सुटे मिळतात व ते स्वस्तही असतात. परंतु जुना बुश काढून नवा नेमक्या कोनात बसविण्यास दाबयंत्र लागते, आणि हातोड्याने ठोकून बसविलेला बुश पहिल्या दिवसापासूनच दुखावलेला असतो. म्हणून घरी काम करणाराने बॉल जॉइंट आणि बुश यांसह सबंध आर्मच घ्यावा, आणि डावाउजवा दोन्ही एकदम बदलावे, कारण दोघांनी एकाच रस्त्यावर सारखेच दिवस काढलेले असतात. पुण्यातल्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात एकाच आर्मचे तीन-चार भाव ऐकू येतात. त्यांतला सर्वांत स्वस्त म्हणून घेऊ नये. नव्या आर्मचा बॉल जॉइंट बोटांनी फिरवून पाहिला असता तो नेटाने, सर्व बाजूंना सारख्याच जोराने फिरला पाहिजे. जुना काढलेला जॉइंट फिरविला तर तो स्वतःच्या वजनाने लुळा पडतो. हा फरक दुकानाच्या फळीवरच बोटांना कळतो, आणि नवा आर्म तेथेच लुळा लागला तर तो परत करावा.

हत्यारांची यादी मोठी नाही. जपानी वळणाच्या गाड्यांना १४, १७ व १९ क्रमांकाचे रिंग पाने आणि गोटी पाने बहुधा पुरतात. त्यांच्या जोडीला लांब दांडा, टॉमी, तारेचा ब्रश, गंज सोडविणारे तेल, एक चांगला जॅक, दोन भक्कम जॅकस्टँड आणि टॉर्क पाना एवढा बंदोबस्त असावा. टॉर्क पाना ही चैन आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे काम हाती घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. कारण येथल्या बोल्टांना किती न्यूटन-मीटर आवळावे याचे आकडे कारखान्याने प्रत्येक मॉडेलसाठी ठरवून दिलेले असतात, आणि ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेला बोल्ट एक तर ढिला राहतो, नाही तर त्याचे आटे ताणले जातात. ते आकडे आपल्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून काढून कामापूर्वीच वहीत उतरवून ठेवावेत.

आदल्या रात्री सर्व बोल्टांवर गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे. सकाळी गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दोन्ही अंगांनी ठोकळे लावावेत, आणि गाडी उचलण्यापूर्वी दोन कामे करावीत : पुढच्या चाकांचे नट किंचित सैल करावेत, आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून दोन्ही बाजूंचे आकडे टिपून ठेवावेत. या दुसऱ्या कामाचे प्रयोजन पुढे कळेल. मग दोन्ही पुढची चाके उचलून गाडी स्टँडवर टेकवावी. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार ताणलेला राहतो व बोल्ट निघता निघत नाहीत. स्टँड हे कारखान्याने दाखविलेल्या जागीच बसले पाहिजेत, आणि गाडीला खांद्याने जोरात हलवून ती ढळत नाही याची खात्री झाल्याशिवाय शरीराचा कोणताही भाग तिच्याखाली जाता कामा नये. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरण्याने आजवर अनेकांचे प्राण गेलेले आहेत. या एका बाबतीत हयगयीला क्षमा नाही.

चाके काढल्यावर, स्टॅबिलायझर बार आर्मला जोडलेला असेल तर तो सोडवावा आणि बॉल जॉइंटकडे वळावे. बहुतेक जपानी वळणाच्या लहान गाड्यांत जॉइंटचा दांडा नकलच्या भोकात शिरलेला असतो व एका आडव्या बोल्टने चिमटलेला असतो. हा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, तो पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो दांड्यावरच्या खाचेतून आरपार गेलेला असतो. मग नकलच्या चिरेत छिन्नी हलकेच बसवून ती जराशी फाकवावी आणि टॉमीने आर्म खाली दाबावा. गंज नसेल तर दांडा सहज उतरतो, असेल तर तेल, थोडा धीर आणि पुन्हा तेल. या वेळी नकल बाहेरच्या बाजूला ओढली जाणार नाही याची विशेष दक्षता घ्यावी. ती फार बाहेर आली तर गिअरबॉक्सकडील अॅक्सलचा सांधा आतल्या आत निखळू शकतो आणि एका दिवसाच्या कामाचे चार दिवस होतात. नकल दोरीने शॉकअपला बांधून ठेवावी, आणि ब्रेकच्या रबरी नळीवर किंवा ए.बी.एस.च्या तारेवर तिचा भार पडू देऊ नये. त्यानंतर आतल्या दोन्ही टोकांचे बोल्ट काढले की आर्म हातात येतो. जुना व नवा शेजारी शेजारी ठेवून लांबी, भोके आणि बुशांचा कोन जुळतो की नाही ते पाहावे, आणि बोल्टांच्या बैठकी ब्रशने स्वच्छ कराव्यात.

नवा आर्म बसविताना सर्व बोल्ट प्रथम हाताने लावावेत. बॉल जॉइंटचा दांडा भोकात पूर्ण वर गेला नसेल तर आडवा बोल्ट आत शिरणार नाही; तेथे हातोडा चालवू नये, दांडाच वर सरकवावा. हा बोल्ट शक्य तर नवा घ्यावा आणि ठरल्या आकड्याला लगेच आवळावा. आतल्या बुशांचे बोल्ट मात्र तूर्त केवळ टेकवून ठेवावेत. आणि येथेच या संपूर्ण कामाचे मर्म आहे.

गाडी स्टँडवर असताना चाक मोकळे लोंबत असते, म्हणजे आर्म आपल्या नेहमीच्या स्थितीहून बराच खाली झुकलेला असतो. अशा वेळी बुशाचा बोल्ट आवळला, तर आतली नळी त्या झुकलेल्या स्थितीत जखडली जाते. आणि गाडी जमिनीवर उतरून आर्म वर येताच मधले रबर जे पिळले जाते, ते गाडी उभी असतानाही, रात्रंदिवस, तसेच पिळलेले राहते. त्यावर खड्ड्यांचा पीळ आणखी चढतो, आणि जे रबर वर्षानुवर्षे टिकावयाचे ते काही महिन्यांत फाटते. ‘नवा आर्म टाकला तरी आवाज पुन्हा आला’ अशी जी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिच्यात मालाचा दोष कधी कधी असतोही, पण पुष्कळदा माल निर्दोष असूनही बोल्ट भलत्या वेळी आवळल्याने तो अकाली मरतो. उपाय अगदी साधा आहे. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटपाशी, लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून जॅक लावावा आणि हळूहळू उचलावा. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर सकाळी टिपलेल्या आकड्याइतके झाले, की आर्म आपल्या स्वाभाविक स्थितीत आला असे समजावे. मात्र गाडी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर तेथेच थांबावे, आणि उरलेले काम गाडी चाकांवर उभी असताना, तिला भक्कम रॅम्पवर चढवून पुरे करावे. या स्थितीत बुशांचे बोल्ट ठरल्या आकड्याला आवळावेत. एवढ्या एका क्रमाने आर्मचे आयुष्य कैक पटींनी वाढते, आणि त्यासाठी टेप व थोडा वेळ यांखेरीज काहीही खर्च होत नाही.

चाके चढवून नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळले, की गाडी मंद गतीने जवळपास फिरवून आणावी आणि प्रत्येक बोल्टला पुन्हा टॉर्क पाना लावून पाहावा. यानंतरचे काम घरी होण्यासारखे नाही : आर्म बदलला की चाकांचे कोन थोडेफार बदलतातच, म्हणून व्हील अलाइनमेंट करून घेणे अपरिहार्य आहे, ते टाळले तर वाचविलेले पैसे टायर खाऊन टाकतात. तसेच एखादा बोल्ट तुटला, सांगाड्यातले आटे निघाले, किंवा बैठकीपाशी पत्रा गंजून पोकळ झालेला आढळला, तर तेथेच थांबून गाडी जाणत्या माणसाच्या हवाली करावी. घरच्या कामगाराचा अधिकार स्वतःच्या वेळेवर आणि पैशावर चालतो. रस्त्यावर समोरून येणाऱ्याच्या जिवावर तो चालत नाही. चाक सांभाळणारा भाग आपल्या हाताने बसविताना या जबाबदारीची जाणीव क्षणभरही सुटू नये, आणि जो ती बाळगतो त्याच्या हातचे काम, एका दिवसात दहा गाड्या उरकणाऱ्या हाताच्या कामाहून, अनेकदा सरस उतरते असे माझे ठाम मत आहे.

हे सारे वाचूनही पुष्कळ वाचक आर्म स्वतः बदलणार नाहीत, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. त्यांनी गाडी गॅरेजमध्ये द्यावी, पण जुने आर्म परत मागून फाटलेला बुश डोळ्यांनी पाहावा, आणि काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रीला आदराने एवढे सांगावे, की ‘दादा, बुशाचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच फायनल टाइट करा.’ जाणता मिस्त्री या वाक्याने रागावत नाही. गिऱ्हाइकाला काम समजते हे पाहून तो आपली जागा सोडून टॉर्क पाना आणायला जातो.